आधी कान, मग तोंड

सकाळी सहाच्या आत मोबाइलवर जे सुविचार येऊन पडतात, त्यांत चीनचा वाटा बराच मोठा आहे. मागे उगवता सूर्य, कोपऱ्यात कमळ आणि खाली 'एक चिनी म्हण'. त्यांतल्या किती म्हणी खरोखर चीनमधल्या, हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं. एक चित्र हजारो शब्दांचं काम करतं, हे वाक्य मी स्वतः शाळेच्या फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. ते १९२७ मध्ये अमेरिकेतल्या एका जाहिरातवाल्याने चिनी म्हण म्हणून छापलं आणि तेव्हापासून ते चिनी झालं. चिनी म्हटलं की वाचणारा जरा सावरून बसतो, हे त्याला ठाऊक असणार.

आज ज्या म्हणीबद्दल बोलायचं आहे ती मात्र अस्सल आहे. दोन हजार वर्षांहून जुनी, आणि आजही चिनी आजी नातवाला औषध पाजताना तिचा निम्मा भाग म्हणून जाते. अर्थ असा: चांगलं औषध जिभेला कडू लागतं पण आजाराला गुण देतं, खरा सल्ला कानाला टोचतो पण वागणुकीला उपयोगी पडतो. चिनीत दोन्ही तुकड्यांचं यमक जुळतं. आजार म्हणजे 'पिंग' आणि वागणूक म्हणजे 'शिंग'. त्यामुळे एकदा ऐकली की डोक्यातून जात नाही.

आपल्याकडे ही म्हण कळायला अवघड नाही. काडेचिराइताचा काढा नाक दाबून प्यायलेली पिढी अजून आहे. अडचण वेगळीच आहे. ही म्हण आपण नेहमी दुसऱ्याला ऐकवतो. चारचौघांत एखाद्याला टाकून बोलायचं, त्याचा चेहरा उतरला की वर म्हणायचं, 'बाबा रे, औषध कडूच असतं.' मी चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली निदान तीस वर्षं 'आमचं काम म्हणजे एक घाव दोन तुकडे' असं मिरवत काढली. त्यामुळे हा रोग मला आतून माहीत आहे. म्हणूनच एक विनंती करतो: ही म्हण पुढच्या वेळी तोंडात येईल तेव्हा ती आधी स्वतःच्या कानाला लावून पाहा. ती मुळात बोलणाऱ्यासाठी नव्हतीच. ज्याने ऐकायचं, त्याच्यासाठी होती.

कशी, ते सांगतो. इ. स. पू. २०६. छिन साम्राज्य कोसळत होतं आणि बंडखोरांचा एक पुढारी, ल्यू बांग, राजधानी श्येनयांगमध्ये सगळ्यांच्या आधी घुसला. हा माणूस खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. त्याने राजवाडा पाहिला: रेशमी पडदे, घोडे, शिकारी कुत्रे, खजिना, हजारो दासी. आणि त्याला वाटलं, झालं, आता इथेच राहावं. त्याचा एक सरदार होता फान ख्वाय. बंडाआधी याचा धंदा कुत्री कापून मांस विकायचा, आणि नात्याने तो ल्यू बांगचा साडू. तो सरळ बोलला की इथून बाहेर पडा, छावणीत चला. ल्यू बांगने ऐकलं नाही. साडूचं कोण ऐकतं? त्यातून खाटकाचं?

मग चांग ल्यांग पुढे झाला. हा पिढीजात मंत्र्यांच्या घराण्यातला, अभ्यासू, मोजकं बोलणारा. त्याने राजवाड्याला नावं ठेवली नाहीत. एवढंच दाखवून दिलं की छिन राजे बेताल वागले म्हणूनच तुम्ही इथवर पोचलात. आणि आल्या आल्या तुम्हीही तेच सुख भोगायला बसलात, तर जुलमाला हातभार लावल्यासारखं होईल. त्यानंतर त्याने कडू औषधाची म्हण सांगितली आणि शेवटी म्हणाला, फान ख्वायचं ऐका.

मला त्या सगळ्या प्रसंगात ही शेवटची गोष्ट सर्वांत मोठी वाटते. सल्ला मान्य झाला तेव्हा चांग ल्यांगने तो स्वतःच्या नावावर जमा केला नाही, ज्याने आधी दिला होता त्याच्याकडे बोट दाखवलं. ल्यू बांग कोठारांना कुलपं लावून शहराबाहेर छावणीत परतला. थोड्याच दिवसांत त्याचा प्रतिस्पर्धी श्यांग यू येऊन थडकला. जुन्या इतिहासातल्या आकड्यांप्रमाणे त्याचं सैन्य ४ लाख, ल्यू बांगचं १ लाख. तेव्हा ल्यू बांग राजवाड्यात लोळत असता तर मानेवर डोकं राहिलं नसतं. चार वर्षांनी, इ. स. पू. २०२ मध्ये, तो सम्राट झाला आणि त्याचं हान घराणं, मध्ये एक खंड सोडला, तर सुमारे चारशे वर्षं टिकलं.

हा प्रसंग लिहून ठेवणाऱ्या सिमा च्येनच्या इतिहासात म्हणीचा जो पाठ आहे, त्यात 'चांगलं औषध' नाहीच. तिथे शब्द आहे 'विषारी औषध'. त्या काळी जहाल औषधाला असं म्हणत. मला हा जुना शब्द जास्त पटतो. विषाची मात्रा मोजावी लागते. कोणाला, केव्हा, किती गुंजा, हे वैद्याला कळावं लागतं. नुसतं कडू म्हटलं की आपण वाटीभर ओततो.

आपल्याकडे यावर एक म्हण आहेच: सोनारानेच कान टोचावेत. तेच कान, तीच सुई, पण हात सोनाराचा हवा. फान ख्वाय आणि चांग ल्यांग एकच गोष्ट बोलले. एकाच्या हातून कान दुखला, दुसऱ्याच्या हातून टोचला गेला. आता यातून बोलणाऱ्याने काय घ्यायचं ते पुढे बघू. ऐकणाऱ्याने आधी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा: हेच वाक्य माझ्यापेक्षा मोठ्या माणसाने सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं का? उत्तर 'हो' असेल, तर अडचण सल्ल्यात नाही, आपल्या कानात आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं, पैसे वाचले असते. निवृत्तीच्या पैशांतून मी घर बांधलं. गवंडी गावातलाच, माझा जुना विद्यार्थी, दहावीला माझ्याच विषयात दोनदा गचकलेला. गच्चीचा कोबा झाल्यावर तो मला वर घेऊन गेला. खिशातून एक काचेची गोटी काढली आणि मधोमध ठेवली. गोटी जरा रेंगाळली आणि निघाली ती पन्हळीकडे न जाता उलट्या कोपऱ्यात जाऊन थांबली. 'सर, उतार चुकलाय. पाणी इथे तुंबणार. ओलं आहे तोवर उखडतो.' मी म्हटलं, 'उतार इंजिनिअरने काढून दिलाय. गणित तुला कधीपासून यायला लागलं?' तो हसला. गोटी उचलून खिशात टाकली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या झोपायच्या खोलीच्या छताला डाग पडला. आधी बशीएवढा, मग ताटाएवढा. इंजिनिअर आला, त्याने गच्चीवर दोन बादल्या पाणी ओतलं, पाच मिनिटं पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, 'सर, उतार चुकलाय. पाणी इथे तुंबतंय.' शब्दन् शब्द तोच. मी मान डोलावली आणि त्याची फी दिली. कोबा उखडायला पुन्हा तोच गवंडी आला. 'मी म्हटलं होतं' हे सहा अक्षरी सुख त्याने घेतलं नाही.

आता बोलणाऱ्यांकडे वळू. हान फेइ नावाचा एक फार तीक्ष्ण बुद्धीचा विचारवंत होऊन गेला, इ. स. पू. २३३ मध्ये तो छिनच्या तुरुंगात मेला. राजाला काही पटवून देणं किती अवघड, यावर त्याने एक पूर्ण प्रकरण लिहिलं आहे. त्यात त्याने एका श्रीमंताची गोष्ट सांगितली. पावसाने त्याच्या घराची भिंत ढासळली. मुलगा म्हणाला, भिंत बांधली नाही तर चोर येतील. शेजारच्या म्हाताऱ्यानेही तेच सांगितलं. त्याच रात्री चोरी झाली. घरच्यांनी मुलाच्या हुशारीचं कौतुक केलं, आणि शेजाऱ्यावर संशय घेतला.

सल्ला खरा असणं पुरेसं नसतं, एवढंच हान फेइला सांगायचं आहे. खरं शोधून काढणं त्याच्या मते फार कठीण नाही; त्या खऱ्याचं आपल्या तोंडून काय होईल, हे ओळखणं कठीण. तेव्हा भाऊबंदकीत, शेजारपाजारच्या लग्नाच्या बोलण्यांत, मित्राच्या धंद्यात काही सांगायची वेळ आली तर आधी बघा, आपण त्या घरात मुलगा आहोत की शेजारी. शेजारी असू, तर त्या घरातला मुलगा शोधा आणि त्याच्या कानावर घाला. श्रेय त्याला जाईल. जाऊ द्या, भिंत तर उभी राहील.

आणि थांबायचं कुठे? कन्फ्यूशिअसला त्याच्या एका शिष्याने मैत्रीबद्दल विचारलं, तेव्हा त्याने दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा की मित्राला मनापासून सांगावं, नीट वाटेला लावावं, पण तो ऐकत नसेल तर थांबावं, स्वतःची शोभा करून घेऊ नये. हे वाचल्यावर मी जरा चक्रावलो होतो. आपल्याला वाटतं, खरा मित्र तोच जो ऐकेपर्यंत पिच्छा सोडत नाही. कन्फ्यूशिअस म्हणतो, एकदा नीट, आणि पुरे. दहाव्यांदा सांगतो तेव्हा आपण मित्राचं भलं बघत नसतो, आपला शब्द खरा करत असतो.

मुलांच्या बाबतीत कन्फ्यूशिअसच्याच परंपरेतला मेन्शिअस याच्याही पुढे गेला. त्याचं म्हणणं, शहाण्या माणसाने आपल्या मुलाला आपण शिकवू नये. शिकवताना चूक दाखवावी लागते, मुलगा सुधारला नाही की बाप चिडतो, आणि बाप चिडला की मुलगा मनात म्हणतो, हे मला सांगतात, स्वतः कुठे तसं वागतात! मग दोघांत अंतर पडतं. म्हणून पूर्वीचे लोक मुलांची अदलाबदल करून शिकवत, असं तो सांगतो. दहावी-बारावीच्या मुलांच्या पालकांना मी हे आवर्जून सांगतो. रोज जेवणाच्या ताटावर कान टोचू नका. मामा असेल, आत्या असेल, गल्लीतला एखादा दादा असेल, सोनाराचं काम त्याच्याकडे द्या. तुम्ही वाढा आणि जेवा.

मध्येच जरा अक्षरांकडे बघू या, गणिताच्या मास्तरला फोड करायची सवय असते. या म्हणीत 'खरा सल्ला' म्हणताना जो शब्द येतो त्याचं अक्षर फोडलं तर वर 'मध्य' आणि खाली 'हृदय' दिसतं. सद्गुण या अर्थाचं जे अक्षर आहे, त्याच्या जुन्या रूपात वर 'सरळ' आणि खाली पुन्हा 'हृदय'. अशी फोड करून अर्थ काढणं भाषेच्या अभ्यासकांना फारसं रुचत नाही, पण लक्षात ठेवायला बरी. सद्गुण म्हणजे सरळ मन. आणि खरा सल्ला म्हणजे मन मधोमध ठेवून, इकडे-तिकडे न झुकता बोललेलं. दोन्ही अक्षरांत जीभ कुठेच नाही.

मन कुठे झुकतं याचा हिशेब चिनी परंपरेत एका देखण्या माणसाने मांडून ठेवलाय. छी नावाचं राज्य होतं. (मराठी कानाला कसंसंच वाटतं, पण राज्य मोठं होतं.) तिथला एक मंत्री त्सोउ ची, अंगाने उंचापुरा, रूपाने भरलेला. एका सकाळी कपडे करून आरशात बघता बघता त्याने बायकोला विचारलं, मी देखणा की शहराच्या उत्तरेकडचे ते श्रीमान श्यू? ती म्हणाली, तुम्हीच. दुसऱ्या बायकोला विचारलं, तीही तेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी एक पाहुणा आला, त्याला विचारलं, तोही तेच. पुढे एक दिवस श्यू स्वतःच भेटायला आले. त्सोउ चीने त्यांना निरखून पाहिलं, मग आरशात स्वतःला पाहिलं, आणि त्याला कळलं की आपण यांच्या आसपासही नाही.

इथे तुम्ही-आम्ही काय केलं असतं? बायकोवर चिडलो असतो, नाहीतर आरसा बदलला असता. त्सोउ ची रात्री अंथरुणात पडल्या पडल्या हिशेब करत राहिला. बायको मला देखणा म्हणते, कारण तिचा माझ्यावर जीव आहे. दुसरी म्हणते, कारण ती मला घाबरते. पाहुणा म्हणतो, कारण त्याचं माझ्याकडे काम आहे. तिघांपैकी कोणीही खोटारडं नव्हतं. माया, भीती आणि गरज या तिघी बोलल्या होत्या.

सकाळी तो राजाकडे गेला. इ. स. पू. ३५६ ते ३२० या काळातला हा वेइ राजा. त्सोउ चीने आपली फजिती राजाला जशीच्या तशी सांगितली, आणि मग म्हणाला, महाराज, माझ्या घरात तीन माणसं. तुमच्या राज्यात तर तुमच्यावर जीव लावणारे, तुम्हाला घाबरणारे आणि तुमच्याकडे काम असणारेच सगळे. तुम्ही केवढे फसत असाल! बघा, चांग ल्यांगच्या हातातली सुई इथेही आहे. त्सोउ चीने स्वतःचा कान आधी टोचून दाखवला.

राजाने दवंडी पिटवली. माझी चूक तोंडावर सांगेल त्याला मोठं बक्षीस, लेखी कळवेल त्याला मधलं, आणि बाजारात उभा राहून बोलेल आणि ते माझ्या कानावर येईल, त्याला लहान. पहिल्या काही दिवसांत वाड्याच्या दारात इतकी गर्दी झाली की दार म्हणजे बाजार, अशी चिनीत म्हणच पडली. काही महिन्यांनी अधूनमधून कोणी येई. वर्ष उलटलं तेव्हा सांगायचं म्हटलं तरी कोणाकडे काही उरलं नव्हतं.

हे तुम्ही उद्या घरी करून बघा. मी करून पाहिलंय. बक्षीस वगैरे काही नाही, रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर विचारायचं: माझी कोणती सवय तुम्हाला सहन होत नाही? पहिल्या रविवारी सगळे हसतील आणि काही सांगणार नाहीत. तुम्हाला वाटेल, आपण निर्दोष आहोत. तसं नसतं, ते तुमच्या भुवया बघत असतात. दुसऱ्या रविवारी सून एखादी अगदी बारीक गोष्ट सांगेल, टॉवेल पलंगावर टाकता अशी. त्या बारीक गोष्टीला तुम्ही काय करता, यावर पुढची मोठी गोष्ट कानावर येणार की नाही ते ठरतं. तिथे 'अगं पण' म्हणालात की दुकान बंद.

राजे असे नेहमी शहाणे नसतात, आणि शहाणे असले तरी सगळे दिवस नसतात. थांग घराण्याचा सम्राट थायत्सुंग (राज्यकाळ इ. स. ६२६ ते ६४९) याचं उदाहरण चिनी लोक पिढ्यान्‌पिढ्या देतात, आणि ते मला यासाठीच आवडतं की तो माणूस होता. त्याचा मंत्री वेइ चंग हा मुळात शत्रूपक्षाचा. थायत्सुंगचा थोरला भाऊ युवराज असताना वेइ चंगने त्याला सांगितलं होतं की या धाकट्याचा वेळीच बंदोबस्त करा. धाकट्याने भावाला मारून गादी घेतली आणि वेइ चंगला बोलावून जाब विचारला. वेइ चंग म्हणाला, युवराजांनी माझं ऐकलं असतं तर आजची पाळी आली नसती. या उत्तरावर डोकं उडायचं. थायत्सुंगने त्याला नोकरी दिली. पुढच्या सतरा वर्षांत या माणसाने सम्राटाला दोनशेहून अधिक वेळा अडवलं. दोन्ही बाजू ऐकणाऱ्याला उजेड आणि एकाचंच ऐकणाऱ्याला अंधार, ही म्हण त्याच्याच नावावर आहे.

सम्राटाला ते गोड लागत होतं असं नाही. एकदा थायत्सुंग नवीन ससाणा हातावर घेऊन खेळत होता. समोरून वेइ चंग येताना दिसला, तसा सम्राटाने, एवढ्या मोठ्या देशाच्या मालकाने, शाळकरी पोराने चिंचा लपवाव्यात तसा तो पक्षी अंगरख्यात कोंबला. वेइ चंगला दिसलं होतं. तो मुद्दाम कामाचं बोलत राहिला, लांबवत राहिला. तो गेला तेव्हा ससाणा मेला होता. आणखी एकदा सम्राट दरबारातून तणतणत आत आला, या गावंढळाला मी एक दिवस ठार मारणार म्हणून. राणी काही बोलली नाही. आत गेली, सणासुदीचा पूर्ण दरबारी पोशाख चढवून आली आणि अंगणात उभी राहिली. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, राजा उमदा असला तरच मंत्री सरळ बोलतो असं ऐकलंय. वेइ चंग सरळ बोलतोय, म्हणजे आपण उमदे आहात, म्हणून अभिनंदन करायला आले. सल्ला देण्याच्या कलेवर शंभर पानं वाचण्यापेक्षा ही साडी बदलून येणारी बाई लक्षात ठेवा. (साडी नव्हे, पण तुम्हाला कळलं.)

६४३ मध्ये वेइ चंग वारला. सम्राटाने स्वतः मजकूर रचून त्याच्या थडग्यावर शिळा उभारली, माणूस हा आपल्या चुका दाखवणारा आरसा असतो आणि तो आरसा फुटला, अशा अर्थाचं बोलून रडला. आणि काही महिन्यांतच कोणीतरी कान भरले, वेइ चंग आपले सल्ले इतिहासकाराला दाखवून ठेवत होता म्हणे, नाव व्हावं म्हणून. सम्राटाने ती शिळा पाडायला लावली. मग ६४५ मध्ये कोरियावर मोहीम काढली. ती फसली, थंडीत माणसं आणि घोडे मेले. परतताना तो म्हणाला की वेइ चंग असता तर त्याने मला निघू दिलं नसतं. शिळा पुन्हा उभी झाली.

त्याच वर्षी, मोहिमेवर निघायच्या गडबडीत, थायत्सुंगला एक प्रवासी भेटला होता, नुकताच हिंदुस्थानातून परतलेला. तो ह्युएनत्संग. चार वर्षांपूर्वी तो पुलकेशीच्या राज्यात, आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला होता. सम्राटाच्या सांगण्यावरून ६४६ मध्ये त्याने प्रवासवर्णन पुरं केलं, त्यात आपल्याबद्दल लिहिलंय की ही माणसं मानी. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, बदला घ्यायचा तर शत्रूला आधी कळवून मग घेतात. चौदाशे वर्षं होत आली. गावोगावची भाऊबंदकी बघता दुसरा भाग अजून खरा आहे असं म्हणायला हरकत नाही. कान टोचून घेण्याच्या बाबतीत आपला मानीपणा आडवा येतो तो असा.

ऐकून घेण्यालाही एक लबाड पद्धत असते, तीही सांगून ठेवतो. इ. स. पू. सातव्या शतकाच्या अखेरीस एक तरुण राजा होता. बुरुजावरून वाटसरूंना गोळ्या मारायच्या आणि ते कसे चुकवतात ते बघायचं, हा त्याचा खेळ. अस्वलाचा पंजा नीट शिजला नाही म्हणून त्याने आचाऱ्याला मारलं. एक मंत्री समजवायला आला. तो तोंड उघडायच्या आतच राजा म्हणाला, कळलं मला माझं चुकलं, सुधारतो. मंत्री म्हणाला, चूक कोणाची होत नाही, पण करून सुधारणं यापरतं चांगलं काही नाही. ही म्हण आज चीनमध्ये प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते. ज्याला ती सांगितली तो सुधारला नाही. दुसरा मंत्री पुन्हा पुन्हा सांगत राहिला, तर राजाने त्याच्यावर मारेकरी घातला, आणि इ. स. पू. ६०७ मध्ये राजाच मारला गेला. 'सॉरी, माझं चुकलं' हे इतक्या घाईने म्हणणारा माणूस दिसला की मला तो राजा आठवतो. समोरच्याचं बोलणं संपवण्याचा तो सर्वांत सभ्य उपाय आहे. मीही वापरतो.

आणि सगळ्यांनीच बोलणं सोडलं तर काय होतं? थायत्सुंगच्याच एका वंशजाच्या पदरी, शंभर वर्षांनंतर, ली लिनफू नावाचा प्रधान झाला. तोंडात मध आणि पोटात तलवार ही म्हण त्याच्यावरून पडली. आपण ओठात एक पोटात एक म्हणतो, त्याच्या चार पावलं पुढे. सम्राटाला चुका दाखवणं हेच ज्यांचं काम, त्या अधिकाऱ्यांना बोलावून त्याने दरबारापुढे उभे केलेले शोभेचे घोडे दाखवले. दिवसभर गप्प उभे राहतात, उत्तम दाणा खातात. एक जरी खिंकाळला तरी त्याला हाकलतात, मग पस्तावून उपयोग नाही. अधिकाऱ्यांना कळायचं ते कळलं. ली लिनफू ७५२ मध्ये वारला. ७५५ मध्ये जे बंड उसळलं त्याने साम्राज्य खिळखिळं केलं. सोसायटीच्या सभेत, संस्थेच्या बैठकीत, घरातल्या मोठ्यांपुढे सगळे एकमताने 'हो हो' म्हणत असतील तेव्हा एकदा मोजून बघा, घोडे किती आणि त्यांना दाणा कोण घालतंय.

यंदा पावसाच्या आधी मी त्या गवंड्याला चहाला बोलावलं. गच्चीवरच बसलो. त्याने सवयीने खिशातून गोटी काढली, मधोमध ठेवली, ती सुतासारखी सरळ पन्हळीकडे गेली. मी म्हटलं, 'गच्चीचं राहू दे. माझ्यात काय चुकतंय ते सांग.' तो म्हणाला, 'काही नाही सर.' मी थांबलो. चहावर साय धरली. मग गोटी बोटांत फिरवत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, 'दहावीला गणित मला येत होतं, सर. घरी सगळी उदाहरणं सुटायची. तुम्ही फळ्यापाशी उभं करून सगळ्यांसमोर बोलायचात ना, खडू हातात आला की काही दिसायचंच नाही.'

माझ्या तोंडात 'अरे पण' आलं होतं. ते चहाबरोबर गिळलं आणि म्हटलं, 'अजून सांग.'